पोयाच्या दिवशी मुतखडा

हे चोपडं ज्या साहेबानं लिहिलं त्यानं खोटं लिहिलं आहे. चुकून नव्हे. खुर्चीत बसून, पंख्याखाली, चहाचे घोट घेत, शुद्धीवर असताना खोटं लिहिलं आहे. विमा कंपनीच्या या चोपड्याचं नाव ‘परदेशात आजारी पडल्यास काय करावे’. ते सिंहली, तमीळ आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत छापलंय, म्हणजे आमच्या बेटावरच्या कुठल्याही माणसाला आपापल्या मातृभाषेत फसता यावं अशी चोख सोय आहे. पहिली सूचना : शांत राहा. दुसरी सूचना : खालील विनाशुल्क क्रमांकावर फोन करा. तिसरी सूचना : आमची संमती येईपर्यंत उपचार सुरू करू नका, आजार तातडीचा असल्यास गोष्ट वेगळी. चौथी सूचना : आजार तातडीचा होता की नाही हे आम्ही नंतर ठरवू.

साहेब, तुमचं नाव चोपड्यावर कुठेच नाही. ते का नाही, हे आमच्या सुगतपाल महत्तयांच्या, म्हणजे सुगतपालरावांच्या, लक्षात यायला त्यांना बुद्धगयेपर्यंत जावं लागलं.

सुगतपाल वीरक्कोडी हे बेलिअत्तचे. जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात बाहेरच्या रुग्णांच्या खिडकीवर एकतीस वर्षं हेडक्लार्क होते. आमच्याकडे इस्पितळ फुकट असतं, त्यामुळे खिडकीवरच्या माणसाला पैशाचं नव्हे तर कागदाचं राज्य चालवावं लागतं, आणि ते त्यांनी चालवलं. बेलिअत्तच्या अर्ध्या गावानं त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकलेलं आहे : “फॉर्म अपुरा आहे. पुढचा.” ते कधी आवाज चढवत नसत. लाच घेत नसत. फक्त फॉर्म अपुरा असे.

त्यांची बायको सोमलता. तिला बुद्धगयेला जायचं होतं. लग्न झाल्यापासून जायचं होतं, आणि बत्तीस वर्षं ती ऐकत होती, “पुढच्या वर्षी.” शेवटी महत्तया निवृत्त झाले, पुढचं वर्ष उरलं नाही, आणि सोमलतानं चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, शिवायला घेतलं. विकत मिळतं, पण तिनं शिवलं. रोज दुपारी थोडं थोडं करत आठ महिने लावले. बोधिवृक्षाखाली दोघांनी चार हातांनी ते चीवर अर्पण करायचं, एवढाच तिचा हट्ट होता. चार हात. एकही कमी नाही.

निघायच्या आधी शेजारचे जेमिस सल्ला द्यायला आले. जेमिस दोनदा जाऊन आलेले, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“महत्तया, सगळं ठीक असतं तिकडे,” जेमिस म्हणाले, “फक्त बसमध्ये पाणी पिऊ नका.”

“का? पाणी वाईट?”

“पाणी उत्तम. पण बस थांबते ती मोहरीच्या शेतात. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष. मोहरी कंबरेएवढी असते. बसलात तर झाकलं जातं. उभे राहिलात तर बिहार बघतो.”

एकतीस वर्षं काचेच्या खिडकीमागे बसलेला माणूस मोहरीमागे बसणार नव्हता. सुगतपालांनी मनाशी ठरवून टाकलं आणि पाळलंसुद्धा. विमानतळापासून वाराणसी, सारनाथ, तिथून आठ तास बस असं करत बुद्धगया येईपर्यंत त्या माणसानं दोन दिवसांत मिळून दोन पेले पाणी प्यायलं असेल. बसमधले बाकीचे छत्तीस यात्रेकरू प्रत्येक थांब्याला शेतात उतरत, आणि सुगतपाल खिडकीशी ताठ बसून त्यांच्याकडे थोड्या करुणेनं बघत. एमलिन अक्का, वय अठ्ठ्याहत्तर, मोहरीतून परत येताना म्हणायच्या, “महत्तया, तुमचं अंग दगडाचं आहे का हो?”

दुसऱ्या दिवशी दुरुतु पोया होती. पोया म्हणजे पौर्णिमा. त्या दिवशी आमच्याकडे कचेऱ्या, शाळा, दुकानं, सगळं बंद असतं, पांढरे कपडे घालून देवळात जायचं. बुद्धगयेची यात्रा नेमकी पोया धरूनच आखतात, आमच्या बेटावरचं कुठलंही शेंबडं पोर हे सांगेल. साहेब, तुम्हाला मात्र हे माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं. दुसरं जास्त वाईट.

पहाटे बोधिवृक्षाखाली यात्रेच्या प्रमुख भिक्खूंनी, म्हणजे हामुदुरुवोंनी, सगळ्यांना आठ शीलं दिली. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत पाळायची. त्यातलं सहावं शील दुपारी बारानंतर न जेवण्याचं आणि आठवं उंच पलंगावर न निजण्याचं. ही दोन शीलं लक्षात ठेवा, पुढे दवाखान्यात कामाला येतात. चीवर अर्पण करायचं ते दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, कारण पोयाच्या दिवशी देवळात मुंगीला शिरायला जागा नसते. आणि आठ वाजता बस राजगीरला निघणार. हामुदुरुवोंनी दोनदा बजावून सांगितलं, “आठ म्हणजे आठ.”

अकरा वाजता सगळ्यांनी भात, परिप्पू म्हणजे आमची डाळ, आणि सांबोल म्हणजे नारळाची चटणी खाल्ली आणि पुन्हा देवळात येऊन ध्यानाला बसले. बाराच्या सुमारास सुगतपालांच्या डाव्या कुशीत कुणीतरी सुरा खुपसला.

हळूच खुपसला नाही आणि खुपसून सोडलाही नाही. ते पुढे वाकले, कपाळ फरशीला टेकलं, तोंडातून कण्हणं निघालं. शेजारी बसलेल्या जिनदास मास्तरांनी एक डोळा उघडून बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, “साधू, साधू.” सुगतपाल आडवे झाले. तिथे तिबेटी लोक लाकडी फळ्यांवर दिवसभर साष्टांग घालत असतात. त्यातल्या तीन बायका सरकून त्यांना जागा करून देऊ लागल्या. एकीनं त्यांच्या हातांखाली आपले हातमोजेही सारले. सुगतपाल लोळले, पालथे झाले, गुडघे पोटाशी घेतले, आणि ज्या ज्या रीतीनं ते कळवळले ती ती कुठल्या ना कुठल्या देशाची वंदनेची रीत निघाली. दहा मिनिटं त्यांच्या भक्तीवर कुणीही शंका घेतली नाही.

शंका घेतली सोमलतानं. तिनं बत्तीस वर्षं त्यांना पाहिलं होतं.

“अहो,” ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “एवढी भक्ती तुम्हाला कधीपासून?”

“मरतोय,” सुगतपाल म्हणाले.

देवळाबाहेर रामप्रीत माळा विकतो. मूळचा तिथलाच, वय पन्नासच्या घरातलं, भरघोस मिशा. वीस वर्षं आमच्या लोकांना माळा विकून विकून सिंहली अशी बोलतो की फोनवर ऐकलं तर आमच्या माताऱ्याचा वाटावा. त्यानं दुकानावर कापड टाकलं आणि सुगतपालांना बॅटरीच्या रिक्षात घातलं. शेजारी सोमलता मांडीवर चीवराचं बोचकं घेऊन, आणि मागे जिनदास मास्तर व एमलिन अक्का दुसऱ्या रिक्षात. जाताना बाकीचे यात्रेकरू आपापल्या पिशव्या उचकटू लागले. आमचा माणूस घराबाहेर पडताना कपडे कमी घेईल, औषधं कमी घेत नाही. एकानं धण्याच्या काढ्याची पुडी दिली, एकानं बाम, एकानं पाच मुळ्यांचा काढा, एकीनं बेलफुलांचा चहा. एमलिन अक्कांनी कमरेची पुरचुंडी सोडून वाळलेल्या पोल्पालाची, म्हणजे आमच्याकडच्या एका औषधी झुडपाची, जुडी काढली.

“लघवीचं आहे हे,” त्या म्हणाल्या. “चेहरा बघा. माझ्या नवऱ्याचा असाच व्हायचा.”

“अक्का, तुमचा नवरा गेला ना?” मास्तर म्हणाले.

“नारळाच्या झाडावरून पडून गेला. लघवीनं नाही गेला.”

मठामागच्या खाजगी दवाखान्यात डॉक्टर तरुण बाई होती. नाव अपर्णा सिन्हा. जिनदास मास्तरांनी ते पाटीवर वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “सिन्हा. म्हणजे सिंह. आपण सिंहलीही सिंहाच्याच वंशाचे. म्हणजे आपलीच, इथूनच तर आलो आपण सगळे,” ते म्हणाले आणि अडीच हजार वर्षांचा इतिहास इंग्रजीत सुरू केला. सुगतपाल तेव्हा स्ट्रेचरवर मूठ चावत होते. सोमलतानं आमच्या रीतीप्रमाणे विड्याच्या पानांची चळत दोन्ही हातांनी डॉक्टरीणबाईंपुढे धरली आणि गुडघे टेकले. डॉक्टरीणबाईंनी नर्सकडे बघितलं. नर्सनं त्यातलं एक पान उचलून खाल्लं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, फोटो काढला, आणि निदान सांगितलं. भाषांतराला रामप्रीत. वीस वर्षं त्यानं सिंहली वापरली ती विकायला, त्यामुळे त्याच्या तोंडी तो बाज होता.

“महत्तया, खडा आहे. डावीकडे. पाच मिलिमीटर. एकदम अस्सल.”

“आता काय करायचं?”

“बाई म्हणतात सलाईन लावू, दुखण्याचं इंजेक्शन देऊ. पाणी प्यायलं की आपोआप निघेल. कापायची गरज नाही. तुम्ही पाणी का पीत नाही, विचारतायत.”

सुगतपालांनी छताकडे बघितलं. मोहरीची गोष्ट बाईमाणसाला सांगण्यासारखी नव्हती.

इंजेक्शन दिलं. सुरा अर्धा बाहेर आला. आणि मग त्यांना ज्या खाटेवर निजवलं ती तीन फूट उंच होती, वर हँडल फिरवून आणखी उंच होणारी. दुपारचा एक वाजला होता. सुगतपालांनी डोळे उघडले, खाली फरशी दूर दिसली, आणि आठवं शील आठवलं. ते सरकत सरकत खाटेवरून उतरले आणि खाटेखाली, फरशीवर, शांतपणे आडवे झाले.

नर्स आली. खाट रिकामी. पाय खाली. ती जी ओरडली ते शेजारच्या मठात ऐकू गेलं. वॉर्डातला आडदांड कर्मचारी धावत आला, सुगतपालांना कडेवर घेतल्यासारखं उचललं आणि खाटेवर ठेवलं. तो वळला तसे सुगतपाल खाली उतरले. त्यानं पुन्हा उचललं. एकतीस वर्षं ज्या माणसाला बेलिअत्तमध्ये कुणी बोटही लावलं नव्हतं तो एका तासात चार वेळा गादीसारखा उचलला गेला. शेवटी कर्मचाऱ्यानं खाटेच्या दोन्ही बाजूंचे कठडे वर केले आणि कडी लावली.

“तिथे पिंजऱ्यात पण शील पाळता येतं,” सोमलता म्हणाली. ती रडायच्या बेताला आली होती म्हणून टोमणा मारत होती.

मग नर्सनं खिचडी आणि दुधाचा पेला आणला. बारा वाजून गेलेले. सुगतपालांनी तोंड फिरवलं. नर्सनं कागदावर लिहिलं : रुग्ण अन्न नाकारतो. पुढे सलाईन आणलं, आणि मास्तरांनी बाटलीवरचं वाचलं.

“यात साखर आहे,” ते गंभीरपणे म्हणाले.

सगळ्यांनी बाटलीकडे बघितलं.

“साखर शिरेतून आत जाते,” मास्तर म्हणाले. “प्रश्न असा की शिरेतून गेलेलं हे जेवण म्हणायचं की नाही.”

“तोंडातून गेलं तर जेवण,” एमलिन अक्का म्हणाल्या.

“तसं असेल तर झोपेत तुमच्या नाकातून कुणी पेज ओतली तर?”

“माझ्या नाकातून कोण पेज ओततंय, मास्तर? तुमच्या शाळेत असले प्रश्न होते म्हणून पोरं नापास व्हायची.”

“पण शील मोडलं तर उद्या चीवर कसं द्यायचं?” सोमलता म्हणाली. खरा प्रश्न तोच होता. शील मोडलेल्या हातानं चीवर द्यायला ती तयार नव्हती, आणि नवऱ्याशिवाय द्यायलाही. साडेपाचला देवळाचं दार, आठला बस, आणि नवरा पिंजऱ्यात.

सलाईन अर्धा तास लोंबकळत राहिलं. डॉक्टरीणबाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा त्या रामप्रीतला म्हणाल्या, “यांना विचारा, यांचा नेमका त्रास काय आहे.”

“बाई, यांना मोक्ष हवाय,” रामप्रीत म्हणाला.

शेवटी हामुदुरुवोंना फोन लावला. ते छातीवर हात ठेवून ऐकणारे भिक्खू आहेत, पण त्या दिवशी मागे दहा हजार लोकांचा घोष चालू होता. मास्तरांनी प्रश्न मांडला. तो मांडायला पाच मिनिटं लागली, कारण मास्तरांनी दोन्ही बाजू मांडल्या. हामुदुरुवो म्हणाले, “औषधाला कधीच मनाई नव्हती. आजारी माणसाला उंच खाटसुद्धा चालते. मास्तर, तुम्ही बुद्धांपेक्षा कडक होऊ नका. लावा ते सलाईन.” आणि सलाईन लागलं. तोपर्यंत सुरा परत आत गेला होता.

आता तुमच्याकडे वळतो, साहेब.

दुपारी स्ट्रेचर आत नेताना काउंटरवर मिसिरजी नावाचे कारकून होते. काच, काचेला भोक, भोकापाशी पेन दोरीला बांधलेलं. सुगतपाल ते बघताच क्षणभर घरी आल्यासारखे झाले. मिसिरजींनी त्यांचा पासपोर्ट घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि म्हणाले की विमा कंपनीचं पत्र आलं की दाखला, म्हणजे दाखल करून घेणं, पूर्ण होईल, दाखला पूर्ण झाला की सुट्टीचा कागद निघेल, सुट्टीचा कागद निघाला की पासपोर्ट मिळेल. सुगतपालांना यात काहीही गैर वाटलं नाही. त्यांनी स्वतः तेच केलं असतं.

सोमलतानं चोपडं काढलं. सूचना पहिली : शांत राहा. ती राहिली. सूचना दुसरी : विनाशुल्क क्रमांक. तिनं लावला. क्रमांक अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. नाही. मास्तरांनी चष्मा पुसून चोपडं डोळ्यांशी धरलं, तेव्हा पानाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात सापडलं : हा क्रमांक फक्त देशांतर्गत चालेल.

म्हणजे परदेशात आजारी पडल्यावर फोन करायचा, तो घरी येऊन.

मग सोमलतानं बेलिअत्तला जेमिसना फोन केला. जेमिस घाबरले नाहीत, कारण जेमिसना सल्ला द्यायला आवडतं.

“सोमे, पाणी प्यायले होते का ते?”

“नाही. तुम्हीच सांगितलंत ना.”

“मी बसमध्ये म्हणालो होतो. बसबाहेर प्यायला कोण नको म्हणालं?”

“जेमिस अय्या, त्या नंबरवर फोन करा आधी.”

जेमिसनी घरून नंबर फिरवला. लागला. गोड आवाजात एक बाई बोलली : आज पोया असल्यामुळे कार्यालय बंद आहे, आपल्याला व आपल्या कुटुंबाला पुण्य लाभो. त्यापुढे परित्राचा, म्हणजे संकट टाळणाऱ्या सूत्रांचा, पाठ लागला. जेमिसनी तो उभं राहून, हात जोडून, पूर्ण ऐकला, कारण परित्र चालू असताना फोन ठेवणं बरं दिसत नाही. वीस मिनिटं गेली. पाठ संपला आणि पहिल्यापासून सुरू झाला. मग ते सायकल काढून शाखेवर गेले. शाखेला कुलूप. रखवालदारही नाही. रखवालदार देवळात शीलावर बसला होता. जेमिसनी त्याला देवळात गाठलं, पण त्यानं बोटानंच खूण केली, सूर्य उगवेपर्यंत मौन.

बघा, साहेब. वर्षातल्या ज्या दिवशी आमचे हजारो लोक बुद्धगयेत असतात, तुमच्याच कागदावर सही करून, त्याच दिवशी तुमचं दार बंद. आग लागायच्या दिवशी बंबाला सुट्टी देणारा माणूस आम्हाला अजून भेटायचा होता, तो तुमच्या रूपानं भेटला.

संध्याकाळी हामुदुरुवो दवाखान्यात आले. खाटेच्या कठड्याला धरून उभे राहिले, परित्राचा धागा सुगतपालांच्या मनगटाला बांधला. मग सोमलताला म्हणाले, “उपासिके, चीवर तू एकटीनं दिलंस तरी पुण्य दोघांना मिळेल.”

“पुण्य मिळेल, हामुदुरुवो,” ती म्हणाली. “पण पुण्य मी बेलिअत्तमध्येही मिळवते. मला हे इथे, यांच्याबरोबर द्यायचं होतं.”

सुगतपालांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. कुशीतल्या सुऱ्यापेक्षा हे जास्त लागलं. बत्तीस वर्षं त्यांनी हिचा फॉर्म अपुरा म्हणून परत केला होता.

त्यांनी वळून एमलिन अक्कांना हाक मारली. “अक्का, ते तुमचं पोल्पाला आणा. आणि पाणी आणा. सगळ्यांचं सगळं आणा.”

बारानंतर दूध नाही, अन्न नाही, पण गाळलेला काढा शीलात बसतो. आमच्याकडे त्याला नावच आहे, गिलनपस, म्हणजे आजाऱ्याचं पेय. एमलिन अक्कांनी नर्सच्या विजेच्या किटलीत पोल्पाला उकळलं. रात्र पडायच्या आत सुगतपाल पोल्पालाचे चार पेले, धण्याचे दोन, बेलफुलांचा एक, पाच मुळ्यांचा एक आणि साध्या पाण्याच्या तीन बाटल्या प्यायले. एका हातात सलाईन. डॉक्टरीणबाई आल्या, ओळीनं मांडलेले पेले बघितले. म्हणाल्या, “याच्या आधी एवढं पाणी प्यायला असता तर माझी गाठ पडली नसती.” रामप्रीतनं भाषांतर केलं तेव्हा शेवटी स्वतःचं जोडलं, “बाई भली आहे.”

पहाटे चारला, संडासात, एका स्टीलच्या भांड्यात, टण्ण असा आवाज झाला.

सोमलता म्हणते तो आवाज तिला बाहेर ऐकू आला. पाच मिलिमीटरच्या खड्याचा आवाज बाहेर कसा येईल हे मास्तरांना पटत नाही, पण मास्तर तेव्हा तिथे नव्हते. सुगतपाल बाहेर आले ते वेगळेच माणूस होऊन आले. चेहऱ्यावर असं समाधान की ड्युटीवरच्या नर्सनं हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, खडा बघितला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाल्या, “जा. पाणी पीत राहा.” श्रेय कुणाचं यावर वाद आजही चालू आहे. एमलिन अक्का म्हणतात पोल्पालाचं. मास्तर म्हणतात सलाईनचं. हामुदुरुवो हसतात.

पावणेपाचला ते काउंटरवर आले. सोमलता अंघोळ करून पांढऱ्या साडीत, हातावर चीवर. देवळाची घंटा ऐकू येत होती. रामप्रीत दुकान उघडायला निघालेला, वाटेत डोकावला होता. मिसिरजी काचेमागे होते, मफलर गुंडाळून.

“कंपनीचं पत्र?” मिसिरजी म्हणाले.

“कंपनी बंद आहे.”

“मग दाखला पूर्ण नाही. दाखला पूर्ण नाही म्हणून सुट्टी देता येत नाही. सुट्टी नाही म्हणून पासपोर्ट नाही. दहाला या.”

आठला बस. साडेपाचला दार. सोमलतानं चीवराची घडी नुसती सारखी केली.

आणि सुगतपाल वीरक्कोडी काचेच्या भोकाशी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा ते काचेच्या या बाजूला होते, पण काच तीच होती. त्यांनी विचारलं, “मिसिरजी, माझा दाखल होण्याचा फॉर्म दाखवाल?”

मिसिरजींनी दाखवला.

“रकाना अकरा रिकामा आहे.”

“तो कंपनीच्या पत्राचा. तेच तर सांगतोय.”

“म्हणजे फॉर्म अपुरा आहे.”

“अपुरा आहे.”

“अपुऱ्या फॉर्मवर माणूस दाखल होतो का?”

मिसिरजींनी पेन खाली ठेवलं.

“मी एकतीस वर्षं अशाच खिडकीवर होतो,” सुगतपाल म्हणाले, आणि रामप्रीत एकेक शब्द जपून भाषांतर करत होता, विकण्याचा बाज सोडून. “माझ्याकडे कुणी अपुऱ्या फॉर्मवर दाखल झालं नाही. आत खाटेवर पडलेला असला तरी कागदावर तो रस्त्यावर होता. मी काल दुपारपासून तुमच्या कागदावर रस्त्यावर आहे. रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही सुट्टी देऊ शकत नाही, हे बरोबर. पण रस्त्यावरच्या माणसाचा पासपोर्ट तुमच्या ड्रॉवरमध्ये कुठल्या रकान्याखाली आहे?”

मिसिरजींनी फॉर्म परत वाचला, वरून खाली, आणि खालून वर. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं तो राग नव्हता. एखाद्या गवयानं दुसऱ्याची तान ऐकावी तसं ते होतं.

“बाहेरचा रुग्ण,” ते पुटपुटले. “बाहेरचा रुग्ण, औषधोपचार, घरी रवाना.” त्यांनी एक छोटी पावती फाडली, साध्या तपासणीची. सुगतपालांनी ती खिशातल्या पैशांनी तिथेच चुकती केली. ड्रॉवर उघडला. पासपोर्ट काचेच्या भोकातून बाहेर आला.

“कुठल्या इस्पितळात होता तुम्ही?” मिसिरजींनी विचारलं.

“बेलिअत्त.”

“कधी आलो तर तुमच्याकडे येईन,” मिसिरजी म्हणाले. “शिकायला.”

साडेपाचला दार उघडलं तेव्हा ते दोघं पहिल्या रांगेत होते. धुकं होतं, झाडाची पानं दिसत नव्हती, नुसती ठिबकत होती. हामुदुरुवोंनी पाठ म्हटला, आणि चीवर अर्पण झालं. चार हात. सुगतपालांच्या एका हाताला सुई काढलेल्या जागी चिकटपट्टी होती. सोमलतानं त्यांच्याकडे बघितलं नाही, पण परतताना त्यांचा हात तिनं सोडला नाही, आणि आमच्याकडे या वयाची माणसं देवळात हात धरत नाहीत.

आठला बस निघाली. राजगीरच्या वाटेवर मोहरीचं शेत आलं, बस थांबली. सुगतपाल सगळ्यात आधी उतरले.

बुद्धगयेहून निघताना रामप्रीतनं त्यांना एक पितळी करंडक भेट दिला, अस्थिधातू ठेवायचा, स्तूपाच्या आकाराचा. “खडा यात ठेवा महत्तया, कंपनी पुरावा मागेल.” वीस वर्षांत त्यानं आमच्या लोकांना फुकट दिलेली ही पहिली वस्तू. करंडक बेलिअत्तला कपाटावर ठेवला होता. परतल्यावर चौथ्या दिवशी एमलिन अक्कांची बहीण भेटायला आली, करंडक बघितला, बुद्धगयेहून आलाय एवढंच ऐकलं, आणि त्यापुढे चार फुलं वाहून लोटांगण घातलं. तिला खरं सांगायचा धीर कुणाला झाला नाही. आता तो करंडक कपाटात आहे, कपड्यांच्या खाली.

आणि तुमचं पत्र आलं, साहेब. तीन भाषांत. त्यात लिहिलंय की आपण रुग्णालयात दाखल झाल्याचा पुरावा आढळत नाही. हे मान्य. सुगतपालांनी ते स्वतः सिद्ध केलंय, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही, उलट थोडा अभिमान आहे. पुढे लिहिलंय की खडा प्रवासाआधीपासून शरीरात नव्हता हे दाखवावं, आणि शक्य असल्यास खडा मूळ प्रतीत सादर करावा. तोही ते पाठवतील, करंडकासकट, फुलांसकट. त्यांना भरपाई नको. सोमलतानं त्यांना माफ केलंय, त्यापुढे तुमची भरपाई म्हणजे काय.

त्यांना फक्त एक उत्तर हवंय, आणि त्यासाठी त्यांनी तुमचाच फॉर्म नीट भरून, एकही रकाना रिकामा न ठेवता, तुमच्या खिडकीवर दिलाय. पुढच्या दुरुतु पोयाला आमच्या गावचे पन्नास जण बुद्धगयेला निघालेत. एमलिन अक्का पुन्हा, मास्तर पुन्हा, आणि या खेपेला जेमिसही. त्यांच्यातला कुणी त्या दिवशी आडवा झाला, तर फोन कुणाला करायचा, आणि पलीकडून परित्राऐवजी माणूस कधी बोलणार? उत्तर लेखी द्या. सहीसकट, नावासकट. अपुरं असेल तर परत येईल.